शब्दाचा सांधा

ज्यांतील एखादें तरी माणूस परदेशीं नाहीं, असें घर आमच्या वाचकांमध्यें आतां विरळाच सांपडेल. आमच्या घरचीही तीच गोष्ट आहे. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या लग्नानंतर नेदर्लंड्समधील आइंडहोव्हन शहरीं राहावयास गेली, त्यास आतां चार वर्षें होतील. दर रविवारीं सायंकाळीं ती दूरध्वनीवर बोलते, पडद्यावर तिचें चिमुकलें बाळ दिसतें, आणि आजीपासून तों शेंडेफळापर्यंत सारें घर त्या एवढ्याशा चौकटीपुढें दाटी करून बसतें. गेल्या हिवाळ्यांत अशाच एका रविवारीं तिनें एक हकीकत सांगितली. ती ऐकून प्रथम आमच्या काळजांत धस्स झालें, मग हायसें वाटलें, आणि सरतेशेवटीं या सदरास साजेसा एक विषय तींत आहे असें ध्यानांत आलें.

बाळाच्या कानांत ठणका लागून त्यास ताप आला होता. डॉक्टरांनीं औषध लिहून दिलें. औषधासोबत नेहमींप्रमाणें एक छापील पत्रक होतें. आमची पुतणी चांगली शिकलेली, डच भाषेच्या वर्गासही नियमानें जाणारी. तेव्हां पत्रक आपलें आपणच वाचावयाचें, असा तिनें हट्ट धरला. पत्रकांत एक वाक्य होतें: पुढील ‘बेइवेर्किंगन’ ‘व्होरकोमन’ शकतात, आणि त्याखालीं जुलाब, ओकारी, अंगावरील पुरळ अशी यादी होती. पहिला शब्द तिनें फोडून पाहिला. ‘बेइ’ म्हणजे जोडीला, ‘वेर्किंग’ म्हणजे क्रिया किंवा गुण. अर्थात् औषधाचे जोडीचे गुण! दुसरा शब्द तर तिच्या ओळखीचाच होता. ‘रोग बरा करण्यापेक्षां तो होऊं न देणें बरें’ अशा अर्थाची एक डच म्हण आहे. तींत ‘व्होरकोमन’ हा शब्द ‘होऊं न देणें’ या अर्थानें येतो, व ती म्हण तिनें वर्गांत पाठ केली होती. तेव्हां हें औषध कानास तर गुणकारी आहेच, शिवाय जुलाब, ओकारी व पुरळ यांसही आळा घालतें, असा अर्थ तिनें बसविला. दुसऱ्या दिवशीं बाळाच्या पोटावर तांबूस पुरळ उठलें, तेव्हां औषधाचा गुण अजून यावयाचा आहे असें मनाशीं म्हणून तिनें पुढचा चमचा वेळेवर दिला.

तिसऱ्या दिवशीं शेजारच्या वृद्ध डच बाई बाळाच्या समाचारास आल्या. पुरळ पाहून त्यांनीं पत्रक मागितलें व तें मोठ्यानें वाचलें. वाचतांना ‘व्होरकोमन’ मधील जोर त्यांनीं ‘व्होर’ वर दिला. पुतणीनें तो नेहमीं ‘को’ वर ऐकला होता. तिनें नवल करून विचारलें, तेव्हां उलगडा झाला. जोर ‘को’ वर असला तर अर्थ ‘टाळणें’. ‘व्होर’ वर असला तर ‘घडणें, उद्भवणें’. आणि ‘बेइवेर्किंगन’ हे जोडीचे गुण नव्हेत, दुष्परिणाम होत. त्याच घटकेस डॉक्टरांस कळविण्यांत आलें, त्यांनीं तें औषध बंद करून दुसरें दिलें, आणि बाळ लौकरच खडखडीत बरें झालें. “काका,” पुतणी आम्हांस म्हणाली, “अक्षर न् अक्षर मला वाचतां येत होतें. सांधा तेवढा कळला नाहीं.”

हा सांधा म्हणजे काय, तें आज पाहावयाचें आहे.

डच भाषा आमच्या वाचकांस अगदींच परकी वाटूं नये. या लोकांस आपले पूर्वज ‘वलंदेज’ म्हणत, आणि त्यांची वखार सतराव्या शतकांत आपल्या कोंकणांत वेंगुर्ल्यास होती. तिचे भग्नावशेष तेथें आजही आहेत. त्याच शतकांत कोचीन येथील वलंदेज अधिकारी व्हान रेडे यांनीं मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ नांवाचा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्या कामीं रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघां कोंकणी वैद्यांनीं मदत केली होती. त्यांचें कोंकणी भाषेंतील निवेदन पहिल्या खंडांत नागरी लिपींत छापलेलें आहे. म्हणजे वलंदेजांची व नागरी अक्षरांची ओळख साडेतीनशें वर्षांची जुनी आहे. तीं अक्षरें डच उच्चारांस पुरतेपणीं पुरीं पडत नाहींत, हें मात्र वाचकांनीं लक्षांत ठेवावें. खालील शब्द जवळच्या ध्वनींनीं लिहिले आहेत, आणि त्यांतील ‘ख’ हा घशांतून खरखरीतपणें काढावयाचा आहे.

प्रथम साध्या शब्दाचा नियम सांगतों. एका स्वराभोंवतीं शब्दाचा जो तुकडा गोळा होतो, त्यास आपण येथें ‘अवयव’ म्हणूं. दोन स्वरांमध्यें एकच व्यंजन असलें, तर डच भाषेंत तें पुढच्या अवयवास जातें. दोन असलीं, तर एक मागें व एक पुढें अशी वांटणी होते. ज्या अवयवाचा शेवट स्वरानें होतो तो मोकळा, व्यंजनानें होतो तो बंद. मोकळ्या अवयवांतील स्वर दीर्घ. बंद अवयवांत एकेरी लिहिलेला स्वर ऱ्हस्व. झाडाला डच भाषेंत ‘बोम’ म्हणतात. तेथें अवयव मकारानें बंद होतो, म्हणून दीर्घ उच्चारासाठीं ओकाराचें अक्षर दोनदां लिहावें लागतें. अनेकवचनीं ‘बोमन’ झालें, कीं मकार पुढें जातो, ‘बो’ मोकळा होतो, आणि एकच ओकार पुरतो. याच्या उलट ‘बॉम’ म्हणजे बॉम्ब. त्याचें अनेकवचन लिहितांना मकार दोनदां लिहून त्यांतील एक मागच्या अवयवास बांधून ठेवावा लागतो, तरच ओकार ऱ्हस्व राहतो. लिहिण्यांत एक मकार गळाला, कीं बॉम्बचीं झाडें होतात! इतका नीटनेटका नियम आहे. आणि साध्या शब्दांपुरतें त्यावर सर्वस्वीं विसंबतां येतें.

परंतु डच भाषा ही समासप्रिय भाषा आहे, आणि समास आला कीं वरील नियमाला त्याच्या सांध्याशीं थांबावें लागतें. ‘हॉइस’ म्हणजे घर, ‘आर्ट्स’ म्हणजे डॉक्टर. दोहोंचा समास ‘हॉइसआर्ट्स’, म्हणजे कुटुंबाचा नेहमींचा डॉक्टर. साध्या नियमानें सकार पुढें जाऊन ‘हॉइ-सार्ट्स’ असे तुकडे झाले असते. परंतु तसे करीत नाहींत. तोडावयाचें तें ‘हॉइस’ आणि ‘आर्ट्स’ यांच्या मध्येंच. आधीं समासाचा विग्रह, मग प्रत्येक पदांत वरील नियम, असा हा क्रम आहे. ओळीच्या शेवटीं शब्द तोडून लिहितांनाही हाच क्रम पाळतात. सरकारमान्य शब्दसूचीस तिकडे तिच्या वेष्टनावरून ‘हिरवी पुस्तिका’ म्हणतात. तिची पहिली आवृत्ति १९५४ सालीं निघाली. आणि शब्द कोठें तोडावा हेंही ती दाखविते.

आपल्या व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें, तर हे समास बहुतेक तत्पुरुष होत. तत्पुरुषांत उत्तरपद प्रधान, हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे. येथेंही तसेंच. ‘ख्रून्त’ म्हणजे भाजी. ‘ख्रून्तसूप’ म्हणजे भाज्यांचें सूप, आणि ‘सूपख्रून्त’ म्हणजे सुपांत घालावयाची भाजी. लिंगही उत्तरपदाचें. ‘हॉइस’ नपुंसकलिंगी, ‘आर्ट्स’ तसा नव्हे, म्हणून ‘हॉइसआर्ट्स’ शब्दही नपुंसक नव्हे. मात्र बोलतांना मुख्य जोर बहुधा पूर्वपदावर पडतो. अर्थाचा मान शेवटच्याचा, आणि आवाजाचा मान पहिल्याचा! अशीं पदें एकामागून एक जोडत गेलें, म्हणजे ‘आर्बेइत्सऑन्खस्खिक्तहेइत्सफरझेकरिंग’ यासारखा तेहतीस अक्षरी शब्द तयार होतो. पाहणारा घाबरून जातो. परंतु ‘काम’, ‘असमर्थता’ व ‘विमा’ हीं तीन पदें सुटीं दिसलीं, कीं काम करण्यास असमर्थ झालेल्याचा विमा, असा सरळ अर्थ लागतो. रोजच्या व्यवहारांतील हा शब्द आहे.

आतां उच्चाराकडे वळूं. संस्कृतांत ‘शरद्’ हा शब्द एकटा उभा राहिला कीं ‘शरत्’ होतो, आणि पुढें विभक्तीचा स्वर आला कीं ‘शरदः’ असा दकार परत येतो. डच भाषेंत हुबेहूब हाच प्रकार आहे. कुत्र्याला ते ‘हॉन्त’ म्हणतात व अनेकवचनीं ‘हॉन्दन’. भेद एवढाच, कीं एकवचनींही ते लिहितांना दकारच लिहितात. तो वाचावयाचा मात्र तकार. पुढें पाहा. ‘वाक्’ आणि ‘देवी’ मिळून आपण ‘वाग्देवी’ करतों. ककाराचा गकार होतो. डच भाषेंत ‘झाक’ म्हणजे खिसा व ‘दूक’ म्हणजे कापड. या दोहोंचा समास हातरुमाल. लिहितात ‘झाकदूक’, बोलतात ‘झागदूक’. कोठें याच्या उलटही होतें. ‘स्तॉफ’ म्हणजे धूळ, ‘झॉइखर’ म्हणजे शोषणारा. धूळ ओढण्याच्या यंत्राला लिहितात ‘स्तॉफझॉइखर’, परंतु मागच्या फकाराच्या शेजारानें झकार कठोर होऊन उच्चार ‘स्तॉफसॉइखर’ असा होतो.

सारांश, संधि दोन्ही भाषांत आहेत. परंतु संस्कृतानें ते कागदावर उतरविले, आणि डच भाषेनें ते तोंडांतच ठेवले. आणखी एक महत्त्वाचा भेद आहे. ‘जगत्’ आणि ‘ईश’ मिळून आपण ‘जगदीश’ करतों. पुढचा स्वर येऊन मागच्या व्यंजनास मृदु करतो व आपल्याकडे ओढून घेतो. डच समासांत असें होत नाहीं. मोठ्या इमारतींच्या मुख्य दारावर एक पाटी असते; ‘होफ्द’ म्हणजे मुख्य व ‘इन्खांग’ म्हणजे प्रवेश, हीं पदें तींत सलग लिहिलेलीं असतात. पुढें इकार आहे तरी येथें ‘होफ्दिन्खांग’ म्हणावयाचें नाहीं, म्हणावयाचें ‘होफ्त-इन्खांग’. जणूं पद तेथेंच संपलें आहे, अशा रीतीनें दकाराचा तकार होतो. म्हणजे सांधा डोळ्यांस दिसत नसला, तरी जीभ त्याची आठवण ठेवते. स्वराशीं स्वर भिडून वाचणाऱ्याचा गोंधळ होण्यासारखा असला, तर मात्र सांधा लिहून दाखवितात. ‘झे’ म्हणजे समुद्र व ‘एन्त’ म्हणजे बदक. या समासांत एकाराचीं चार अक्षरें ओळीनें येतात. पूर्वीं तिसऱ्यावर दोन टिंबें देत; १९९५ च्या शुद्धलेखनसुधारणेपासून मध्यें आडवी रेघ देतात.

जेथें रेघ नाहीं आणि सांधा दोन ठिकाणीं बसूं शकतो, तेथें आपल्या साहित्यशास्त्रांतील सभंगश्लेष अनायासें उभा राहतो. एकच शब्द ‘बॉम’ व ‘मेल्दिंग’ असा तोडला, तर बॉम्ब असल्याची वर्दी. ‘बॉमल’ व ‘दिंग’ असा तोडला, तर बॉमल नामक कोणाची तरी वस्तु. दुसऱ्या एका शब्दाचे ‘मासा’ व ‘खबेत’ असे तुकडे केले, तर समुदायाची प्रार्थना. ‘मासाझ’ व ‘बेत’ असे केले, तर अंग मर्दून घेण्याची खाट! तेंच अक्षर एका वाचनांत ‘ख’ व दुसऱ्या वाचनांत ‘झ’ होतें. नाताळची आजीबाई आणि चेरीएवढा टोमॅटो यांच्या लेखनांतही तिळमात्र फरक नाहीं. डच घरांतून मुलें अशा शब्दांवर पोट धरून हंसतात.

सर्वच शब्द मात्र हंसण्यावारी नेण्यासारखे नाहींत. ‘देइ’ व ‘क्राम्प’ असा तोडला तर मांडीचा पेटका, आणि ‘देइक’ व ‘राम्प’ असा तोडला तर बांध फुटण्याची आपत्ति, असाही एक शब्द आहे. त्या देशाचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खालीं असून तो बांधांनीं राखलेला आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्रीं समुद्रास तुफान भरती आली, झीलंड व आसपासच्या प्रांतांतील बांध फुटले, आणि १८३६ माणसें प्राणांस मुकलीं. त्या प्रलयास ते ‘वातर्स-नोत-राम्प’ म्हणतात; पाणी, संकट व आपत्ति या तीन पदांचा हा समास आहे. ज्याच्या घरचें माणूस त्या रात्रीं गेलें, त्याला हा शब्द कोठें तोडावा हें शिकवावें लागत नाहीं.

आतां ज्या शब्दानें आमच्या घरीं घोर लावला, तो पाहूं. ‘व्होर’ म्हणजे पुढें व ‘कोमन’ म्हणजे येणें. पुढें येणें म्हणजे समोर येणें, घडणें; आणि एखाद्याच्या आधीं पुढें येऊन उभें राहणें म्हणजे त्याची वाट अडविणें, त्याला टाळणें. दोन्ही अर्थ त्याच दोन पदांतून निघाले. परंतु पहिल्या अर्थीं सांधा सैल आहे, दुसऱ्या अर्थीं घट्ट. सैल सांध्याच्या शब्दांत जोर पूर्वपदावर असतो, आणि साध्या वाक्यांत तें पद सुटून शेवटीं जाऊन बसतें: ‘कोम्त’ आधीं, ‘व्होर’ शेवटीं. घट्ट सांध्याच्या शब्दांत जोर क्रियापदावर असतो, आणि ‘व्होरकोम्त’ कधींही फुटत नाहीं. ‘ऑन्दरखान’ हा शब्दही याच जातीचा आहे. ‘ऑन्दर’ म्हणजे खालीं व ‘खान’ म्हणजे जाणें. सांधा सैल असला तर सूर्य मावळतो. घट्ट असला तर माणूस एखादी शस्त्रक्रिया किंवा यातना सोसतो. आणखी एक शब्द तर मोठाच मार्मिक आहे. ‘बेदलन’ म्हणजे भीक मागणें, ‘बदेलन’ म्हणजे दान देणें. लेखन दोहोंचें एकच! मागणारा व देणारा यांतील अंतर तेवढ्या एका आघातावर अवलंबून आहे.

हा आघात नित्याच्या छपाईंत दाखवीत नाहींत. संशय येण्याजोगें स्थळ असलें, तर जोराच्या स्वरावर तिरपी रेघ देण्याची मुभा आहे. वाक्याच्या संदर्भानें डच माणसास अर्थ आपोआप कळतो, म्हणून ती रेघ देण्याची आठवण फारशी कोणास होत नाहीं. नव्यानें आलेल्या माणसाची अडचण नेमकी तेथें आहे. त्याला अक्षरें येतात, पदेंही येतात; परंतु ज्या घरगुती परिचयामुळें सांधा कानास कळतो, तो परिचय त्याजपाशीं नसतो. पुतणीनें आतां एक लहानशी वही केली आहे. नवा समास भेटला कीं ती तो वहींत लिहिते, पदांमध्यें उभी रेघ ओढते, जोराच्या अवयवाखालीं खूण करते, आणि शेजारच्या बाईंकडून एकदां वाचवून घेते. औषधाचें पत्रक तर प्रथम त्यांच्या तोंडून ऐकल्यावांचून ती बाटलीचें बूच काढीत नाहीं. ज्यांचीं मुलेंबाळें परमुलखांत आहेत, त्या वाचकांनीं ही युक्ति त्यांस अवश्य कळवावी. विचारण्यांत कमीपणा नाहीं, आणि औषधाच्या बाबतींत तर न विचारण्यांत धोका आहे.

यावरून आपणही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या भाच्याची आठ वर्षांची मुलगी परदेशाहून सुटींत आली होती. तिला मराठी अक्षरें येतात, याचा आम्हां सर्वांस कोण अभिमान! स्वयंपाकघरांतील फळ्यावर त्या दिवशींच्या बेतांत ‘सुधारस’ असें लिहिलें होतें. तिनें तें ‘सुधार-स’ असें वाचलें, आणि कोणाला सुधारावयाचें आहे म्हणून विचारलें. मुलें खो खो हंसलीं. पोर बिचारी ओशाळली. आजी मात्र हंसल्या नाहींत. त्यांनीं तिच्या पानांत पोळीशेजारीं वाटीभर सुधारस वाढला व “सुधा-रस” असें सावकाश म्हणून दाखविलें. तिनें पुन्हां तो शब्द चुकीचा वाचला नाहीं. लिपि पुस्तकांतून शिकतां येते. सांधा मात्र घरांतून शिकावा लागतो. परक्या देशांत वाढणाऱ्या आपल्या मुलांनीं मराठी वाचतांना ठेंच खाल्ली, तर हंसण्याऐवजीं त्यांस तो शब्द म्हणून दाखवावा, शक्य तर वाढूनही दाखवावा.

परवांच्या रविवारीं पुतणीच्या बाळानें पडद्यासमोर एक लांकडी कासव नाचवून दाखविलें. कासवाला डच भाषेंत ढाल व बेडूक या दोन पदांचा समास आहे. बाळ स्पष्टपणें म्हणालें, “स्खिल्त-पात.” दोन्ही पदांच्या शेवटीं दकार लिहितात, हें त्याच्या गांवींही नाहीं, तकार मात्र दोन्ही ठिकाणीं चोख होते. आजींनीं विचारलें, “अरे, हें काय रे सोन्या?” त्यावर त्यानें मराठींत सांगितलें, “कासव.”

आमच्या घरांत त्या दिवशीं सर्वांनीं तो शब्द म्हणून पाहिला. सर्वांत शुद्ध उच्चार आजींचा झाला.